‘नोंद नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

‘नासानेही मान्य केलंय, संगणकासाठी सगळ्यात योग्य भाषा संस्कृतच.’

हे वाक्य तुम्ही कधी ऐकलं नसेल, तर कॉलेजात तुम्ही भाषणांना दांड्याच मारल्या असणार. मी ते अलीकडे पुन्हा ऐकलं, भारतीय ज्ञानपरंपरा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची सांगड घालणाऱ्या एका चर्चासत्रात. वक्ते रंगात आले होते, सभागृह टाळ्या वाजवत होतं आणि माझ्या शेजारी बसलेली एम.ए.ची मुलगी ते वाक्य वहीत उतरवून घेत होती. चहाच्या वेळी बोलताना कळलं, तिच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली तीच पहिली. मला वक्त्यांचा राग आला नाही, त्यांचं ते रोजचंच आहे. त्या वहीचं वाईट वाटलं. दहा वर्षांपूर्वी एफ.वाय.ला असताना माझ्या वहीतही हे वाक्य होतं आणि त्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. ज्यांच्या घरात संस्कृत होती त्यांचं डोकं जन्मतःच संगणकासारखं चालतं, आमच्या घरात जी बोलली जाते ती भाषा यंत्रालाही समजायची नाही, असा अर्थ मी तेव्हा घेतला होता. कुणी तसं म्हटलं नव्हतं. म्हणावं लागत नाही.

तर आधी हे वाक्य निकालात काढू.

१९८५ साली ‘एआय मॅगझिन’ या अमेरिकी नियतकालिकात रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाचा एक लेख आला. हा संशोधक नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संशोधन संस्थेत होता. नासाचा संबंध एवढाच. नासाने कसला ठराव केला नाही, संस्कृतात लिहिलेल्या आज्ञावलीवर यान उडवलं नाही, आणि या लेखाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी जगातला संगणक संस्कृतावर चालत नाही. लेखाचा विषय मात्र खरोखर महत्त्वाचा होता. लिहिलेल्या मजकुरातलं ज्ञान संगणकात कशा रीतीने मांडून ठेवायचं, की नंतर कुणी प्रश्न विचारला तर त्याला त्यातून उत्तर काढता यावं? ब्रिग्जचं म्हणणं असं की वाक्याचा अर्थ उलगडून सांगण्याची जी काटेकोर पद्धत भारतीय वैयाकरणांनी घडवली, ती संगणकवाल्यांनी १९६० नंतर तयार केलेल्या अर्थजाळ्यांशी बरीच जुळते.

हे निरीक्षण चांगलं आहे आणि ते मान्य करायला आपल्याला अडचण असू नये. १९९५ मध्ये अक्षर भारती, विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी पाणिनीच्या कारकविचाराच्या आधारे भारतीय भाषांच्या संगणकीय विश्लेषणाचं एक पुस्तकच लिहिलं. त्यातली गोम लक्षात घ्या. कारकविचार उपयोगी पडतो तो मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी अशा भाषांना, कारण इथे शब्दांचा क्रम बदलला तरी अर्थ फारसा बदलत नाही. ‘कुत्रा माणसाला चावला’ म्हणा की ‘माणसाला कुत्रा चावला’ म्हणा, चावणारा कुत्राच राहतो. प्रत्यय सांगतो कोण कोणाला चावलं ते. म्हणजे माझ्या आजीच्या बोलण्यातही ती सगळी यंत्रणा होती, तिला फक्त पाणिनी माहीत नव्हता. आणि पाणिनी वाचायचाच असेल तर शरद पाटलांसारखा वाचावा. त्यांनी तो आरती ओवाळायला हातात घेतला नाही, दास आणि शूद्र यांच्या गुलामीचा इतिहास खणून काढायला घेतला.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ब्रिग्जच्या लेखात एक वाक्य उदाहरण म्हणून घेतलं आहे. मैत्र नावाचा कुणी माणूस मैत्रीपोटी देवदत्तासाठी विस्तवावर भांड्यात भात शिजवतो, असा त्याचा आशय. वैयाकरण या वाक्याचे खण पाडतो. मधला खण क्रियेचा, शिजवणं. मग कर्त्याचा खण, मैत्र. कर्माचा खण, तांदूळ. साधन विस्तव, ठिकाण भांडं, ज्याच्यासाठी तो देवदत्त, आणि ज्या कारणातून हे सुरू झालं ती मैत्री. संगणकवालाही हेच करतो. खण भरले की प्रश्न विचारता येतात. भात कोणी शिजवला? मैत्राने. कशात? भांड्यात. का? मैत्रीपोटी. वाक्यात जे आहे ते सगळं मिळतं, चोख मिळतं.

आता विचारा, तांदूळ कोणी पिकवला?

यंत्र गप्प. विस्तवाला खण आहे, भांड्याला खण आहे, मैत्रीलाही आहे. चिखलात वाकून रोप लावणारीला खण नाही, कारण ती वाक्यातच नाही. यात वैयाकरणाची चूक नाही म्हणा; त्याच्या हातात जे वाक्य आलं त्याचे त्याने तुकडे केले. प्रश्न वाक्य लिहिणाऱ्याचा आहे, आणि कोणती वाक्यं लिहिलीच गेली नाहीत याचा आहे. व्याकरणात कर्ता म्हणजे जो स्वतंत्र तो, अशी पाणिनीची व्याख्या आहे. ज्यांना स्वतंत्र असूच दिलं नाही, ते कर्त्याच्या खणात येणार कसे?

हा प्रश्न मला पुस्तकात सुचला नाही, तंजावरात सुचला. तंजावर हा तमिळनाडूचा भाताचा कणगा. कावेरीच्या पाण्यावर मैलोन्मैल भातखाचरं. माझं पीएच.डी.चं काम जुन्या मराठी कागदांतल्या श्रमाच्या नोंदींवर आहे आणि तंजावरात १६७५ च्या सुमारास व्यंकोजीने भोसल्यांचं राज्य उभं केलं ते १८५५ पर्यंत कसंबसं टिकलं. त्यामुळे मराठी, तेही मोडीतले कागद तिथे ढिगाने आहेत. पण कागदांआधी दगडांबद्दल बोलते.

बृहदीश्वराचं देऊळ १०१० साली पुरं झालं. कोणत्याही यंत्राला विचारा, ते देऊळ कोणी बांधलं? उत्तर येईल, राजराज चोळ. शाळेच्या पुस्तकातही हेच आणि मीही परीक्षेत हेच लिहिलं. देवळाच्या भिंती तमिळ लेखांनी भरलेल्या आहेत. त्यातल्या एका लेखात देवळाच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून आणलेल्या सुमारे ४०० स्त्रियांची यादी आहे. प्रत्येकीचं नाव, ती आधी कोणत्या देवळात होती ते, आणि इथे तिला कोणत्या गल्लीत कितवं घर दिलं तेसुद्धा. हजार वर्षांपूर्वीचा हा तक्ता आजच्या एक्सेलला लाजवेल. त्यांची नावं आली कारण त्यांना धान्याचा वाटा द्यायचा होता आणि वाटा हिशेबात धरायचा होता.

त्याच राजाच्या त्याच देवळातल्या दुसऱ्या लेखांत देवळाला लावून दिलेल्या गावांची मोजणी आहे. किती जमीन, किती भात. त्यात कर लागू नसलेल्या जागा वजा केलेल्या आहेत: गावठाण, देवळं, तळी, पाण्याचे पाट, कारागिरांची वस्ती, मसणवटा आणि परैच्चेरी, म्हणजे परैयारांची वस्ती. गावाबाहेरची. मराठवाड्यातल्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायला नको.

ही दोन पानं, म्हणजे दोन भिंती, शेजारी ठेवून बघा. चेरी दगडावर आली ती कर लागत नाही म्हणून. वजाबाकीची रक्कम म्हणून. तिच्यात राहणाऱ्या एकाही माणसाचं नाव नाही. ‘तिथे परैयारांची वस्ती होती का?’ या प्रश्नाला यंत्र ‘हो’ म्हणेल. ‘तिथे कोण राहत होतं?’ याला त्याच्याकडे काही नाही. देवळाला मिळणारा भात शेवटच्या दाण्यापर्यंत मोजलेला आहे, तो पिकवणारे हात मोजलेले नाहीत. पुढे त्याच देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीने मराठीत एक लांबलचक लेख कोरून घेतला. आपली मराठी माणसं तिथे गेली की त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात, मीही काढला. त्यात काय आहे? भोसल्यांची वंशावळ.

आता थोडं तंत्राकडे वळते, कारण खरी मेख तिथे आहे.

संगणकातल्या माहितीच्या साठ्याबद्दल एक जुना नियम आहे. रेमंड रायटर या संशोधकाने १९७८ मध्ये तो नेमका मांडला. त्याला बंद जगाचं गृहीतक म्हणू. नियम असा: जे साठ्यात नाही ते खोटं समजायचं. एस.टी.च्या वेळापत्रकात रात्री अकराची गाडी लिहिलेली नाही, म्हणजे रात्री अकराची गाडी नाही. वेळापत्रकापुरतं हे बरोबर आहे, नाहीतर माणूस स्टँडवर बसून राहील. याच्या उलट खुलं जग. साठ्यात नाही म्हणजे इतकंच की आपल्याला माहीत नाही. होतं की नव्हतं, सांगता येत नाही.

हे अवघड वाटत असेल तर स्वतःचं जात पडताळणीचं प्रकरण आठवा. ज्याच्या घरात शाळेचा दाखलाच पहिल्यांदा आला त्याच्याकडून आपण १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद मागतो. भटक्या-विमुक्तांसाठी तारीख २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. माझे आजोबा सालगडी होते. शाळेत गेले नाहीत, जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही, जन्माची नोंद नाही. गावात कुणालाही विचारा आमची जात. पाणवठ्याला विचारा, देवळाच्या पायरीला विचारा, जुन्या हॉटेलातल्या वेगळ्या ठेवलेल्या कपाला विचारा. सगळ्यांना पाठ. टेबलापलीकडच्या साहेबांना तेवढं माहीत नव्हतं. ‘कागद नाही ना? मग कसं म्हणायचं?’ शेवटी चुलत आजोबांच्या एका जुन्या नोंदीवर काम भागलं, तोवर माझं एक शैक्षणिक वर्ष टांगणीला लागलं होतं. बंद जगाचं गृहीतक मी रायटरकडून शिकले नाही. ते मी त्या बाकड्यावर बसून शिकले. छळायला जात गावभर उघडी आणि हक्क मागताना नोंदीअभावी बेपत्ता. हे गृहीतक जातीने कितीतरी आधी शोधून काढलेलं आहे.

म्हणून मला भीती संस्कृतची वाटत नाही. जुन्या मजकुराचे खण पाडून यंत्रात भरले जातील आणि रिकाम्या खणाचा अर्थ ‘नव्हतं’ असा लावला जाईल, याची वाटते. तेही गणिताच्या थाटात, म्हणजे वाद घालायला समोर माणूसच नाही.

तंजावरच्या राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात हे फार स्पष्ट दिसतं. तिथे संस्कृत हस्तलिखितं सुमारे ३९,०००, मराठी सुमारे ३,०००. संस्कृत संग्रहाची सूची एका इंग्रज न्यायाधीशाने, बर्नेलने, १८८० पर्यंत छापली. मग १९२८ पासून पी. पी. एस. शास्त्रींनी वर्णनात्मक सूची काढली, तिचे १९ खंड झाले. मोठं काम आहे, निंदा करायचं कारण नाही. त्याच राज्याच्या दफ्तरातले मोडी कागद मात्र रुमालांत बांधलेले, १,३०० हून अधिक रुमाल. राजवाड्याचा खर्च, छत्रांचा खर्च, धान्य, मजुरी, देवस्थानं, दवाखाना, रोजचा हिशेब. तमिळ विद्यापीठाने १९८० च्या दशकात त्यातल्या काही कागदांचे तमिळ अनुवाद खंडरूपात छापले. महाराष्ट्रातून तंजावरच्या मराठ्यांचा अभिमान किती येतो आणि मोडी वाचणारे किती येतात, हा हिशेब तुम्हीच करा.

ज्या मजकुराची सूची आहे, जो छापला आहे, ज्याचं भाषांतर झालंय, तोच यंत्राच्या पोटात आधी जातो. श्लोक जातो. मजुरीचा हिशेब रुमालात राहतो. मग उद्या कुणी विचारलं की तंजावरच्या मराठी राज्यात काय चालायचं, तर उत्तर येईल: संगीत, नृत्य, वैद्यक, ग्रंथप्रेम. खोटं एकही नाही त्यात.

आणि आपण समाजशास्त्रवाले तरी काय वेगळे? एम.ए.ला आपण सगळेच आंद्रे बेते यांचं १९६५ चं ‘कास्ट, क्लास अँड पॉवर’ वाचतो. ते पुस्तक तंजावर जिल्ह्यातल्याच एका गावाबद्दल आहे, ‘श्रीपुरम’ या टोपणनावाचं. बेते तिथे राहिले ते अग्रहारात, ब्राह्मणांच्या आळीत. त्यामुळे आदिद्रविडांच्या वस्तीत आपल्याला मोकळेपणाने वावरता आलं नाही, हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितलंय. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण आम्ही नोट्स काढताना नेमकं तेच वाक्य गाळतो. यंत्रही गाळेल. पुस्तकातून ‘तंजावरच्या गावात जात अशी असते’ एवढं ज्ञान निघेल, ते कुठल्या ओट्यावर बसून पाहिलेलं आहे हे निघणार नाही.

ओट्यावरून न दिसलेल्या वस्तीचं पुढे काय झालं तेही सांगते. तंजावरात भातशेतीवर पण्णैयाळ असत, आपल्याकडच्या सालगड्याचे भाऊबंदच म्हणा. १९५२ मध्ये त्यांच्यासाठी खास कायदा करावा लागला, इतकी त्यांची दशा होती. १९६० च्या दशकात लाल बावट्याखाली शेतमजूर संघटित झाले आणि कापणीच्या मजुरीत थोडं जास्त भात मागू लागले. तांदूळ कोणी पिकवला, या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदाच स्वतः पिकवणारे देत होते. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या किळवेनमणी गावी दलित वस्तीवर हल्ला झाला. एका झोपडीत लपलेली ४४ माणसं जाळून मारली. बहुतेक बाया, मुलं, म्हातारी.

खालच्या कोर्टात जमीनदारांना शिक्षा झाली. वरच्या कोर्टाने त्यांना सोडलं. इतकी श्रीमंत, मोठमोठ्या जमिनींची मालक असलेली माणसं, नोकरांना न धाडता स्वतः चालत जाऊन घरं पेटवतील हे पटत नाही, असा कारणांमधला एक धागा होता. आता एक प्रयोग करा. यंत्राला फक्त हे शेवटचं निकालपत्र द्या, खण भरू द्या. क्रिया, जाळणं. कर्म, ४४ माणसं. ठिकाण, झोपडी. काळ, ती रात्र. विचारा, कोणी जाळलं? कर्त्याचा खण रिकामा. बंद जगाच्या नियमाने उत्तर येतं, कुणीच नाही.

मराठीतही हीच कला आपण रोज सकाळी पेपरात वाचतो. ‘दलित तरुणास मारहाण’. ‘वस्तीवर दगडफेक’. ‘दोन गटांत हाणामारी’. शाळेत आपल्याला तीन प्रयोग शिकवले, कर्तरी, कर्मणी, भावे. जातीच्या बातमीचा हा चौथा प्रयोग बाईंनी शिकवायचा राहिला. त्यात कर्ता नसतोच. आणि कर्ता असला तर कारण नसतं. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये आरोपींना दोषी धरलं, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असं म्हटलं. म्हणजे कोण, कोणाला, कुठे, केव्हा हे सगळे खण भरलेले. ‘का’ या खणात जात नाही. ब्रिग्जच्या उदाहरणात भात शिजवण्यामागची मैत्रीसुद्धा खणात बसते, आणि खैरलांजीमागची जात बसत नाही.

कुणी म्हणेल, आता खणांचा जमाना गेला, आता यंत्रं माणसासारखी बोलतात. खरं आहे, आणि म्हणून काम जास्त अवघड झालंय. जुन्या पद्धतीत निदान रिकामा खण दिसायचा. तुम्ही बोट ठेवून म्हणू शकत होता, हे बघा, इथे काही नाही. आजची बोलकी यंत्रं प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त ते शिकतात. पोकळी आली की ती गप्प बसतीलच असं नाही. आतापर्यंत जे सगळ्यात जास्त वेळा लिहिलं गेलं त्याच्या वळणाने ती पोकळी बुजवतात, तीही गुळगुळीत मराठीत. सगळ्यात जास्त कोणी लिहिलं हे मी वेगळं सांगत नाही.

पोकळी भरणं हे पापच आहे असं मात्र मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी ती भरली आहे. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत त्यांनी हा पेच उघड मांडलाय. अस्पृश्यतेच्या उगमाचा थेट पुरावा कुठल्याही ग्रंथात लिहून ठेवलेला नाही, मग दुवा सापडेपर्यंत इतिहासकाराने हातावर हात ठेवून बसायचं का? त्यांचं उत्तर होतं, नाही. जे दुवे हाती आहेत त्यांच्या आधाराने तर्क आणि कल्पना वापरून मधलं अंतर जोडायचं, आणि हे आपण करतो आहोत हे लपवायचं नाही. कुठे पुरावा संपला आणि कुठे अनुमान सुरू झालं ते वाचकासमोर ठेवायचं. त्यांच्या निष्कर्षांशी कुणी वाद घालू शकतो, अनेकांनी घातला, कारण सांधा कुठे आहे ते दिसतं. यंत्राच्या उत्तरात तो सांधा शोधून दाखवा.

‘मग तुम्ही लिहा ना, तुम्हाला कोणी अडवलंय?’ हा प्रश्न चर्चासत्रानंतर मला त्या वक्त्यांनीच विचारला, हसून, चहाचा कप हातात घेऊन. कोणी अडवलं होतं त्याची यादी करायला बसलं तर चहा गार होईल. पण आज अडवणारे कमी आहेत हेही खरं, आणि म्हणून हा लेख त्यांच्यासाठी नाही, शेजारच्या त्या मुलीसाठी आहे. आपल्यातले कितीतरी जण आज विदासंकलनाच्या कामावर आहेत. कुणी वाक्यांना खुणा करतं, कुणी दफ्तरं स्कॅन करतं, कुणी यंत्राची उत्तरं तपासतं, नगावर पैसे घेऊन. खण भरायचं काम आपल्याकडे आलंय. खण कोणते असावेत हे ठरवायच्या बैठकीला आपल्याला बोलावत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या बैठकीत घुसलं पाहिजे, आणि त्यासाठी मोडीही आली पाहिजे आणि पायथनही. दोन्ही सहा महिन्यांत कामापुरत्या येतात, मी दोन्ही तशाच शिकले. नासाचा फारसा उपयोग झाला नाही.

आणि घुसल्यावर आपणही तीच चूक करतो, हे कबूल करते. तंजावरच्या कागदांवरून मी संगणकात माझा तक्ता केला तेव्हा त्याचे रकाने होते: तारीख, ठिकाण, रक्कम, देणार, घेणार, कारण. दोन महिने इमानेइतबारे भरले. देणारच्या रकान्यात राजा, राणी, सरकार. घेणारच्या रकान्यात देवस्थान, शास्त्री, गवई, कारकून. मजूर आले तिथे बहुतेक नुसता आकडा, इतके असामी, इतकी मजुरी. एके रात्री लॉजवर जेवताना समोर भाताचा ढीग आला आणि लक्षात आलं, सालगड्याच्या नातीने केलेल्या तक्त्यात काम कोणी केलं याला रकानाच नाही. कागदाने माझ्याकडून त्याच्या सोयीचे रकाने पाडून घेतले होते आणि मला ते कळलंही नव्हतं.

मग एक रकाना वाढवला, ‘काम करणारे’. आणि त्यात भरायच्या तीन खुणा ठरवल्या. नाव असेल तर नाव. कागदच सांगत असेल की त्या कामावर कुणी नव्हतं, तर ‘नाही’. आणि काम झालंय हे उघड असून माणूस लिहिलेला नसेल, तर ‘नोंद नाही’. ‘नाही’ आणि ‘नोंद नाही’ या दोन खुणा एकत्र होऊ द्यायच्या नाहीत, एवढा एकच नियम. आतापर्यंत साधारण आठशे ओळी झाल्यात. त्या रकान्यात नावं पंचवीस-तीस असतील. बाकी वरपासून खालपर्यंत ‘नोंद नाही, नोंद नाही, नोंद नाही’.

मागच्या महिन्यात एका ज्येष्ठ अभ्यासकांनी तक्ता पाहिला. चांगलं काम आहे म्हणाले. फक्त हा शेवटचा रकाना काढून टाक, यात तर काहीच नाही, उगाच जागा अडते.

काढलेला नाही. या डिसेंबरात किळवेनमणीला जाणार आहे. तिथल्या स्मारकाच्या दगडावर मेलेल्यांची नावं कोरून ठेवली आहेत. तमिळ मला अजून अडखळत वाचता येते, पण नावं वाचण्यापुरती येते.